भिन्न छेदांची बेरीज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यातलं पार्से गाव आणि सारा पेडणे महाल १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. एस्कुदो हे पोर्तुगीज चलन येण्याआधी इथला हिशेब रुपये-टांग्यांत चाले: १६ टांग्यांचा रुपया, ६० रेइसांचा टांगा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नाण्यांत पाव, अष्टमांश आणि द्वादशांश टांग्याचीही नाणी होती. ही तीन नाणी एकत्र केली तर किती होतात? म्हणजेच १/४ + १/८ + १/१२ किती?

गैरसमज: अंशात अंश आणि छेदात छेद मिळवावा.
वस्तुस्थिती: तसं केलं तर ३/२४, म्हणजे १/८ टांगा येतो. तीन नाण्यांची बेरीज त्यांतल्या एका पाव टांग्याहूनही कमी! अंश सांगतो तुकडे किती, छेद सांगतो तुकडा केवढा. तुकडे सारख्या मापाचे झाल्यावरच ते मोजता येतात. म्हणून आधी छेद समान करायचे आणि मग फक्त अंश मिळवायचे.

गैरसमज: छेद बदलला की किंमत बदलते.
वस्तुस्थिती: अंश आणि छेद दोघांनाही एकाच संख्येने गुणलं, तर किंमत तीच राहते. १/४ टांगा म्हणजे १५ रेइस, ६/२४ टांगा म्हणजेही १५ रेइस. नुसता छेद गुणून अंश तसाच ठेवला, की गणित चुकतं.

गैरसमज: सगळ्या छेदांचा गुणाकार करावाच लागतो.
वस्तुस्थिती: ४ × ८ × १२ = ३८४ घेतले, तर १७६/३८४ येतात. उत्तर बरोबर आहे, पण संक्षेप करण्यात वेळ जातो. लसावि (लघुतम साधारण विभाज्य) २४ पुरेसा आहे: ६/२४ + ३/२४ + २/२४ = ११/२४. रेइसांत पडताळा घ्या: १५ + ७½ + ५ = २७½, आणि ६०चे ११/२४ तेवढेच. भास्कराचार्यांनी ११५०च्या ‘लीलावती’त छेदांनी परस्पर गुणण्याची रीत दिली आहे. छेदांना आधी सामाईक अवयवाने भागून घेण्याची सोपी वाटही तिथेच आहे.

गैरसमज: पूर्णांक मिसळला की ही रीत चालत नाही.
वस्तुस्थिती: पूर्णांकाचा छेद १ धरावा. ‘लीलावती’तलंच उदाहरण ३, १/५ आणि १/३ यांच्या बेरजेचं आहे: ४५/१५ + ३/१५ + ५/१५ = ५३/१५.

गैरसमज: अनेक अपूर्णांक दोन-दोन करूनच मिळवावेत.
वस्तुस्थिती: तसंही चालतं आणि क्रम कोणताही असला तरी उत्तर तेच येतं. मात्र सगळ्यांचा लसावि एकदम काढला, तर छेद एकदाच बदलावे लागतात.

मुलांना रीत शिकवताना एक सवय जरूर लावावी. उत्तर आलं की ते सर्वांत मोठ्या अपूर्णांकाशी ताडून पाहायचं. धन अपूर्णांकांची बेरीज त्याहून लहान आली, तर गणित पुन्हा करायचं.