सलाईन कधी, किती आणि कुणाला?
लेखमाला : अत्यवस्थ रुग्ण – भाग सहावा

रक्तदाब कसा टिकून राहतो, ते गेल्या भागात पाहिलं. तो कोसळला, हातपाय गार पडले की नातेवाईक म्हणतात, ‘आधी सलाईन लावा.’ लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्यानं काय बिघडणार, असं वाटणं साहजिक आहे. पण शिरेतून गेलेल्या सलाईनचा जेमतेम पाव भाग रक्तवाहिन्यांत टिकतो. उरलेलं बाहेर झिरपतं, फुप्फुसांतही साचू शकतं. म्हणून सलाईन हे औषध आहे, आणि ते देण्याआधी ठरवायला हवं : रक्तवाहिन्यांत द्रव कमी पडलाय, की हृदयच थकलंय?

हा भेद किती जीवघेणा ठरतो, हे कोकणानंच दाखवून दिलं. हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्या वरच्या अंगाला महाड आहे. तिथे डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेले रुग्ण वर्षानुवर्षं अभ्यासले. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय : पाहणाऱ्याला वाटावं, अंगातलं पाणीच आटलंय. प्रत्यक्षात विषामुळे अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं आणि फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस येतो. अशा वेळी भराभर सलाईन देणं म्हणजे भरल्या फुप्फुसांत भर घालणं. बावस्करांनी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिनची गोळी वापरली, आणि ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

यावर कुणी म्हणेल, कॉलऱ्यात, रक्तस्रावात उशीर झाला तर माणूस जातो. अगदी खरं. तिथे द्रव गेलेला दिसतो आणि तो तातडीनं भरून काढावाच लागतो. विंचूदंशातही घाम-उलट्यांतून पाणी जातंच. शुद्धीवरच्या रुग्णाला ते तोंडावाटे देता येतं. प्रश्न उरतो तो संशयाच्या जागेचा. २०११ साली युगांडा, केनिया आणि टांझानियात तापानं अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ मुलांचा अभ्यास झाला. झपाट्यानं सलाईन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. तसं न दिलेल्यांत हे प्रमाण ७.३ टक्के होतं. मुलांवरचा निष्कर्ष मोठ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, हा आक्षेप योग्यच आहे. पण २०२३ साली अमेरिकेत जंतुसंसर्गानं रक्तदाब पडलेल्या १,५६३ प्रौढांतही जास्त सलाईननं मृत्यू कमी झाले नाहीत.

‘द्रव कमी पडलाय की हृदय थकलंय, हे पाहायला लहान गावात सोनोग्राफी कुठून आणायची?’ हाही आक्षेप रास्त आहे. पण व्हेंटिलेटर लांब असेल, तिथे फुप्फुसांत पाणी भरू देणं अधिकच महागात पडतं. नख दाबून सोडावं, रंग किती सेकंदांत परततो ते पाहावं, श्वास मोजावेत, पाठीवर, फुप्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवून बुडबुड्यांसारखा आवाज येतो का ते ऐकावं. शंका असेल तर प्रौढाला २५० मिलिलिटर देऊन हेच सगळं पुन्हा तपासावं. सुधारणा दिसली तर पुढे जावं. श्वास वाढला तर थांबावं. नातेवाइकांनीही बाटली लागली म्हणून निश्चिंत न होता विचारावं, ‘हिच्यानंतर पुन्हा कधी तपासणार?’ पुढच्या भागात याच तपासणीतली एक महत्त्वाची खूण पाहू : लघवीचं प्रमाण.