दाराबाहेरचा माणूस

अलेक्झांडर पोस्क्रेब्यशेव हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. क्रेमलिनमध्ये स्टालिनच्या खोलीबाहेर ज्याचे टेबल होते, तो हा सचिव. मंत्री असो की मार्शल, आत जायचे तर याच्यासमोरूनच जावे लागे. १९३९ मध्ये त्याच्या बायकोला, ब्रोनिस्लावाला, गुप्त पोलिसांनी उचलले. घरात लहान मुली होत्या. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९४१ मध्ये, तिला गोळी घातली गेली. आणि हा माणूस ती तुरुंगात असतानाही त्याच टेबलाशी बसत होता, ती गेल्यावरही बसत राहिला. कागद आत नेत होता, सही झालेले कागद बाहेर आणत होता. असे जवळजवळ स्टालिनच्या अखेरीपर्यंत चालले.

ज्याची बायको आपण मारली, त्यालाच दाराशी बसवायचे? सावलीलाही घाबरणाऱ्या माणसाला हे धाडस कसे होते? मला वाटते, स्टालिनच्या ‘सफाई’चे सगळे मर्म या प्रश्नात आहे. रशियन भाषेत तिला ‘चिस्तका’ म्हणत, म्हणजे झाडलोट. सुरुवातीला त्याचा अर्थ पक्षातून नालायक सभासद काढणे एवढाच होता. नंतर त्या शब्दाला रक्ताचा वास आला.

स्टालिनच्या भीतीला कारणे होती. १९२२ मध्ये तो पक्षाचा सरचिटणीस झाला, आणि काही महिन्यांतच अंथरुणाला खिळलेल्या लेनिनने त्याला त्या पदावरून हलवा असे लिहून ठेवले. पक्षातल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक होते. क्रांतीच्या वेळी कोण कुठे उभा होता, हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे शेतीचे सक्तीने सामुदायिकीकरण झाले, १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली, तेही त्यांना माहीत होते. या लोकांनी बंड केले नव्हते, बहुतेकांच्या मनातही ते नव्हते. पण त्यांना आठवत होते. खुर्ची डळमळीत वाटणाऱ्या माणसाला विरोधकापेक्षा साक्षीदार जास्त सलतो.

१ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडच्या पक्षप्रमुखाचा, सेर्गेई किरोवचा, त्याच्या कार्यालयाच्या इमारतीत खून झाला. त्यामागे स्टालिनचा हात होता का, यावर इतिहासकार आजही भांडतात. त्या खुनाचा उपयोग त्याने कसा केला, याबद्दल मात्र वाद नाही. त्याच दिवशी फर्मान निघाले: दहशतवादाच्या खटल्यांचा तपास दहा दिवसांत संपवायचा, अपील नाही, दयेचा अर्ज नाही, शिक्षा झाली की लगेच अंमलबजावणी. त्याच वर्षी आधी भरलेल्या पक्षाच्या सतराव्या अधिवेशनाला ‘विजेत्यांचे अधिवेशन’ म्हटले गेले होते. तिथल्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना पुढे अटक झाली. तिथे निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सभासद आणि उमेदवार सभासदांपैकी ९८ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. हे आकडे कुणा शत्रूने दिलेले नाहीत. १९५६ मध्ये स्टालिननंतर पक्षाची सूत्रे हाती घेतलेल्या ख्रुश्चेव्हने पक्षाच्याच बंद दाराआडच्या सभेत ते वाचून दाखवले.

म्हणजे मारले गेले ते बहुतांशी निष्ठावंत. इथे आपली नेहमीची समजूत चुकते. आपल्याला वाटते, हुकूमशहा शत्रूंचा काटा काढतो. शत्रू केव्हाच संपलेले असतात. मग पाळी येते ती स्वतःच्या कर्तबगारीवर उभ्या असलेल्या माणसांची, कारण त्यांची निष्ठा उसनी नसते. मार्शल तुखाचेव्हस्की हा रेड आर्मीचा सर्वांत हुशार सेनानी. २२ मे १९३७ ला त्याला अटक झाली आणि तीन आठवड्यांत तो संपला. त्याच्या कबुलीजबाबाच्या कागदांवर रक्ताचे डाग आहेत. त्याच्या न्यायासनावर त्याचेच सहकारी सेनानी बसवले होते. आपल्या माणसाला मृत्युदंड देऊन ते बाहेर पडले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यापैकीही बहुतेक संपले. जात्यातले रडतात, सुपातले हसतात असे आपण म्हणतो. तिथे सुपातल्यांना जाते फिरवायला लावले होते. ज्याचे हात एकदा त्या पिठाने माखले, तो उद्या बोट कुणाकडे दाखवणार?

पण सगळ्यांत अंगावर येतो तो जुलै १९३७ च्या अखेरीस निघालेला गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा आदेश. त्यात प्रांतवार तक्ता होता. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा वर्ग म्हणजे आठ ते दहा वर्षे छावणी किंवा तुरुंग. पहिल्या वर्गात ७५,९५०, दुसऱ्यात १,९३,०००. नावे नंतर शोधायची, आकडा आधी! प्रत्येक ठिकाणी तिघांची समिती. आरोपी समोर नसतानाच निकाल. आणि प्रांतांतून मॉस्कोला पत्रे येऊ लागली, आमचा कोटा वाढवून द्या. कमी पकडणारा अधिकारी स्वतःच संशयित ठरत होता, म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्यापेक्षा चार जास्त पकडू पाहत होता. वरच्या एकाची भीती अशी खालच्या हजारोंच्या अंगात उतरली. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, ही त्या पोलीस खात्याचीच नोंद.

या लाटेत आपलाही एक माणूस गेला. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. इंग्रजांविरुद्ध युरोपभर फिरलेला हा क्रांतिकारक शेवटी लेनिनग्राडमध्ये संशोधन करत होता. जुलै १९३७ मध्ये अटक, २ सप्टेंबरला मृत्यू.

मारणाऱ्यांनाही सूट नव्हती. गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा गेला, त्याच्या जागी येझोव्ह आला. १९३८ च्या अखेरीस दहशत आवरती घेतली, तेव्हा अतिरेकाचे खापर येझोव्हवर फुटले आणि १९४० मध्ये त्यालाही गोळी घातली गेली. मॉस्को-व्होल्गा कालव्याकाठी तो स्टालिनशेजारी उभा असलेला एक फोटो आहे. नंतर छापलेल्या फोटोत त्याच्या जागी नुसते पाणी आहे.

किंमत देशाने मोजली. १९४१ मध्ये हिटलरचे रणगाडे आले, तेव्हा पाचांपैकी तीन मार्शल कबरीत होते. मॉस्कोच्या लढाईत नाव कमावणारा सेनानी रोकोसोव्हस्की हाही याच सफाईत तुरुंगात गेलेला, १९४० मध्ये सुटलेला, मारहाणीत दात गमावलेला.

आता पुन्हा त्या टेबलाकडे येतो. पोस्क्रेब्यशेव एकटा नव्हता. नावापुरता राष्ट्रप्रमुख असलेल्या कालिनिनची बायको १९३८ पासून कैदेत होती, आणि तो पदकवाटपाच्या समारंभांत हस्तांदोलन करत होता. परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हची बायको पोलिना हिला पक्षातून काढण्याचा ठराव आला, तेव्हा तो तटस्थ राहिला. काही दिवसांनी ती चूक झाली अशी कबुली त्याने लेखी दिली. १९४९ मध्ये पोलिनाला अटक झाली आणि कझाकस्तानात हद्दपारी. घरचे माणूस ओलीस असले की विश्वासाची गरज उरत नाही. शिवाय, जो हे सोसूनही दुसऱ्या दिवशी कामावर येतो, त्याच्यातला ताठ कणा मोडला आहे हे मालकाला रोज डोळ्यांनी दिसत राहते. अविश्वासू माणसाला हवी असते ती एवढीच खात्री.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन मेला आणि काही दिवसांतच पोलिना घरी परतली. नवरा-बायको पुढे एकत्र राहिले. १९७० मध्ये ती वारली. तोपर्यंत ती स्टालिनची भक्त होती.