श्वास रोखायचा नाही!

दोस्तांनो, सुट्टीत मालवणला गेलात, तर सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करता येतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी अन् सोबत प्रशिक्षक! पहिल्यांदा पाण्याखाली गेलं, की वाटतं श्वास रोखून धरावा. पण नेमकं तेच करायचं नाही. का बरं? १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुपटीनं फुगते. श्वास रोखलात, तर फुप्फुसांना इजा होते. म्हणून संथपणे श्वास घेत-सोडत राहायचं. कानांत दडे बसू लागले, तर नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची. आणि हो, खुशीत अंगठा दाखवू नका. त्याचा अर्थ ‘वर चला’! ‘सगळं ठीक’ म्हणायला अंगठा अन् तर्जनी जुळवून गोल करायचा. मग बघा निवांत रंगीबेरंगी मासे!