टेबलाखालचे निर्दोष पंप

पुण्यात नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात मी हात काळे करायला शिकलो, तिथं टेबलाखाली एक कापलेला पत्र्याचा डबा असायचा. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतून काढलेले ‘गेलेले’ पेट्रोल पंप त्यात टाकायचे. प्रीमिअर पद्मिनीचे जास्त, मारुती ८०० चे थोडे. एका दिवाळीच्या साफसफाईत वस्तादांनी तो डबा माझ्यापुढे उपडा केला. म्हणाले, “यातले मेलेले वेगळे काढ.”

कसं ओळखायचं ते त्यांनी एकदाच दाखवलं. पेट्रोल जिथून आत येतं त्या तोंडावर ओला अंगठा घट्ट धरायचा आणि पंपाची खालची दांडी दाबायची. पंप जिवंत असेल तर अंगठा आत ओढला जातो. दांडी सोडली तरी काही सेकंद ती ओढ टिकते. टिकली तर आतला डायफ्रॅम आणि दोन्ही झडपा शाबूत. मी एकेक पंप घेऊन बसलो. संध्याकाळी मेलेल्यांच्या ढिगात मूठभर पंप होते. बाकीचे सगळे माझा अंगठा ओढत होते.

मी वस्तादांकडे पाहिलं. ते बिडी पेटवायला बाहेर निघून गेले.

गाडी रस्त्यात बंद पडली की ‘पंप गेला’ म्हणणं फार सोपं असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पंप इंजिनाच्या अंगालाच दोन नटांवर बसलेला. अर्ध्या तासात बदलून होतो, गिऱ्हाइकाला चकचकीत नवा पार्ट दिसतो, बिल फाडायला अडचण येत नाही. आणि डब्यातले ते धडधाकट पंप? घासूनपुसून, नवं पॅकिंग घालून, ‘रिकंडिशन’ म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत चढायचे. आमच्याकडूनही चढले, खोटं कशाला बोलू.

पण एका गाडीनं आमचीही जिरवली. निवृत्त मास्तरांची पद्मिनी होती. आम्ही त्यांना सर म्हणायचो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. त्यांची बहीण पाचगणीला, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी फेरी व्हायची. पुणे ते वाई गाडी सुतासारखी जायची आणि वाई सोडून पसरणी घाट लागला की आचके द्यायला लागायची. घाटातल्या मंदिराच्या पुढं दोन-तीन वळणं झाली की ठप्प. सगळ्यांचं निदान एकच, वेपर लॉक. पंप इंजिनाला चिकटून असतो, उन्हाळ्यात चढावर इंजिन तापतं, नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप पेट्रोलऐवजी ती वाफच ओढत बसतो. यात काही खोटं नाही. त्या काळी घाटात पंपावर ओलं फडकं टाकून उभी असलेली पद्मिनी हे नेहमीचं दृश्य होतं. सरांनी पुढच्या सीटवर पाण्याची बाटली आणि एक पंचा कायमचा ठेवून दिला. पंचा भिजवायचा, पंपावर टाकायचा, वीस मिनिटं दरी बघायची, मग गाडी चालू. किलोमीटर-दीड किलोमीटरवर पुन्हा तेच.

आम्ही पंप बदलला. फरक नाही. दुसऱ्या कुणीतरी पुन्हा बदलला, तरी फरक नाही. मग सर डिसेंबरात आले आणि गाडी थंडीतही पसरणीतच बंद पडली म्हणाले. वस्तादांनी पान्हा खाली ठेवला. डिसेंबरातल्या सकाळी कसली वाफ?

त्या दिवशी त्यांनी बोनेट उघडलंच नाही. सरांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि वकिलासारखे प्रश्न विचारले.

“सर, बंद पडते ती कशी? बटण बंद केल्यासारखी, का धापा टाकत?”

“धापा टाकत. आधी पिकअप जातो, मग झटके.”

“घाट उतरताना कधी?”

“कधीच नाही.”

“टाकीत पेट्रोल किती असतं?”

सर जरा ओशाळले. “दहा लिटरच टाकतो हो एका वेळी. पण गंमत म्हणजे, एकदा लग्नासाठी टाकी फुल केली होती, तेव्हा न थांबता पोचलो. योगायोग.”

वस्तादांनी चहाचा कप बशीत ठेवला. “योगायोग नाही सर. तिथंच आहे ते.”

पद्मिनीची टाकी मागे आणि पंप पुढे. सपाट रस्त्यावर पंपाला पेट्रोल फार उचलावं लागत नाही. घाटात गाडीचं नाक वर होतं, टाकी खाली राहते, त्यात पेट्रोल तळाशी. म्हणजे तेच पेट्रोल पंपाला बरंच वर खेचावं लागतं. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठं बारीकशी भेग असली तर पंप जेवढा जोर लावेल तेवढी हवा त्या भेगेतून आत शिरणार. आणि मेख अशी, की ही भेग गळत नाही. पंपाच्या पुढची नळी फुटली तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, खाली डाग पडतो. मागची नळी फुटली तर हवा आत जाते. डाग नाही, वास नाही, चालत्या गाडीत डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नाही.

मग ओल्या पंच्याचं काय? पंचा नुसता मान खात होता. गाडी वीस मिनिटं उभी राहिली, मग सर हळूहळू निघायचे. कमी रेसवर हवा मिसळलेलं पेट्रोलसुद्धा कार्बोरेटरची वाटी भरायला पुरायचं. तेवढ्यावर पुढचा किलोमीटर निघायचा.

हवा दिसणार कशी? शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून वस्तादांनी हातभर लेव्हल पाइप मागून आणला, पाणी भरून पातळी बघतात तो पारदर्शक. पंपाच्या अलीकडची नळी काढून तिथं तो तुकडा बसवला. गाडीचं पुढचं अंग जॅकवर चढवलं, टाकी जवळजवळ रिकामी केली आणि मला रेस द्यायला बसवलं. “ये, बघ,” म्हणाले. पाइपातून पिवळसर पेट्रोल येत होतं आणि त्यात बुडबुड्यांची माळ, सोड्याच्या बाटलीसारखी. टाकीजवळचा, पितळी नळीला जोडणारा रबरी तुकडा काढला. वरून काळाभोर, निरोगी. बोटांत धरून वाकवला तर बाहेरच्या बाजूला टाचेच्या भेगांसारख्या चिरा उघडल्या.

रबराचा वीतभर तुकडा आणि दोन क्लिपा. दोन पंपांचे पैसे आधीच जाऊन बसले होते. त्यातल्या एकाचे वस्तादांनी परत केले. दुसरा आमचा नव्हता.

विचारायचे प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात पक्के बसले. तरी मी एकदा चुकलोच. एका डॉक्टरांची गाडी. तापली की बंद पडायची, अर्ध्या तासानं चालू व्हायची. मी ऐटीत पंप बदलला. ते तिसऱ्या दिवशी रिक्षानं आले. धापा न टाकता एका क्षणात मरणारी गाडी बहुतेक वेळा करंटची असते, हे मला ठाऊक होतं, पण मी विचारलंच नव्हतं. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर गरम झाला की दगा देत होता. अंगठ्याएवढी वस्तू. डॉक्टर पुन्हा आमच्याकडे आले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

खरोखर मेलेला पंप मात्र चुगली करतो. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वाढलेलं दिसतं. वाढणारं ऑइल पाहून खूश होणारे मालक मी पाहिलेत. ती काडी नाकाशी धरावी. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवूच नये.

पुढं एमपीएफआय गाड्या आल्या आणि पंप टाकीत जाऊन बसला, विजेवर चालणारा. आता अंगठ्याऐवजी कान. चावी फिरवायची, सेल्फ मारायचा नाही. मागच्या सीटवर कान लावून बसलेल्या पोराला दोन-तीन सेकंद बारीक घुंईऽऽ ऐकू आली पाहिजे. आली म्हणजे पंपाचा दाब पुरेसा आहे असं नाही, त्याला गेज लावावंच लागतं. नाही आली म्हणजे पंप मेला असंही नाही. फ्यूज, रिले, अर्थिंग, मग पंपाच्या प्लगवर व्होल्ट किती, हा क्रम. एका गाडीत असा आवाज कधी यायचा, कधी नाही. मालकानं नवा पंप आणूनच दिला होता. काही गाड्यांत मागची सीट उचलली की झाकण दिसतं, हिची टाकी उतरवावी लागणार होती. उतरवण्याआधी डॅशखाली हात घातला. स्वस्तातल्या चोर-अलार्मवाल्यानं पंपाची वायर कापून अलार्ममधून फिरवली होती आणि सांधा नुसता टेपनं गुंडाळला होता. टेपचा डिंक उन्हानं वितळलेला. सांधा झाळला, टेप चढवली, नवा पंप खोक्यासकट परत दिला. आणि एकदा तर, सगळं तपासून झाल्यावर, गाडीत पेट्रोलच नव्हतं. काटा पाव टाकीवर अडकला होता. त्याचं बिल काय लावायचं यावर आमच्यात वाद झाला.

हल्ली जुन्या गाड्या सांभाळणारे शौकीन येतात. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलपुढं त्या काळचं रबर टिकेल याची खात्री नाही, म्हणून मी आधी सगळ्या नळ्या वाकवून बघतो. पंपाला हात शेवटी.

सरांचं सांगायचं राहिलं. नवी नळी घालून ते गेले, आणि दुपारी पाचगणीच्या एसटीडी बूथवरून गॅरेजात फोन आला. वस्तादांनी मलाच घ्यायला लावला.

“पोचलो. एकदाही थांबलो नाही.”

“मग सर, पंचा घरी ठेवला का आता?”

“छे, आहे की सीटवर. बाटली पण आहे,” सर म्हणाले. “घाम पुसायला.”