वाटीत पडलेला पाऊस किती?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जलचक्राची प्रतिकृती नाही, असे सहसा होत नाही. पुठ्ठ्याचा डोंगर, निळ्या रंगाचा समुद्र, तारेला अडकवलेले कापसाचे ढग आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले बाण. मुले त्यावर मनापासून मेहनत घेतात. पण या प्रतिकृतीत पाणीच नसते. एखादा बाण उलटा चिकटवला तरी काही बिघडत नाही. म्हणजेच आपली समजूत चूक की बरोबर, हे ती सांगू शकत नाही.

बाणांचे वर्तुळ पाहून मुले एक निष्कर्ष मात्र काढतात : पाणी फिरून परत येते, म्हणजे ते संपत नाही. मग एखादी मुलगी विचारते, ‘तर मग आमची विहीर मार्चमध्ये का आटते?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे, तर प्रतिकृतीत पाणी खरोखर फिरले पाहिजे आणि आपण ते मोजले पाहिजे.

करून पाहा

एक लहान परात, जड बुडाची वाटी, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, सुतळी, एक खडा आणि मीठ घ्या. परातीत दोन बोटे पाणी घालून त्यात दोन-तीन चमचे मीठ विरघळवा. मधोमध रिकामी वाटी ठेवा. वाटीचा काठ पाण्याच्या वर, पण परातीच्या काठाच्या खाली राहिला पाहिजे. परातीवर कागद किंचित सैल पसरून सुतळीने घट्ट बांधा. वाटीच्या बरोबर वर कागदावर खडा ठेवा. कागद तिथे खाली झुकेल, पण वाटीला टेकू देऊ नका. आता हे सगळे वजन करून चार-पाच तास उन्हात ठेवा.

तासाभरात कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसू लागतात. ते मोठे होतात, उताराने खड्याकडे सरकतात आणि वाटीत पडतात. पाणी कुठेही उकळलेले नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. बाष्पीभवनासाठी पाणी उकळावे लागते, ही समजूत वरच्या वर्गांतही आढळते.

उन्हातून आणल्यावर पुन्हा वजन करा. ते जवळजवळ तेवढेच भरेल. कमी भरले, तर कागद कुठेतरी सैल राहिला आहे. आता वाटीतले पाणी सिरिंजने मोजा. चांगल्या उन्हातही ते काही चमचेच असते. धुतलेल्या पाटीवर परातीतल्या पाण्याचा एक थेंब आणि वाटीतल्या पाण्याचा एक थेंब वाळू द्या. पहिल्याचा पांढरा डाग उरतो, दुसऱ्याचा उरत नाही. मीठ मागे राहते, पाणी तेवढे वर जाते.

वजन बदलले नाही, म्हणजे पाणी संपले नाही. तरीही वाटीत थोडेच आले. बाकीचे परातीत राहिले, कागदाला चिकटले किंवा परातीतच परत पडले. पृथ्वीवरही असेच घडते. एकूण पावसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक पाऊस समुद्रावरच पडतो.

थंडावा कशासाठी?

दोन सारख्या काचेच्या ग्लासांत सारखेच कोमट पाणी घ्या. दोन्हींवर स्टीलच्या ताटल्या ठेवा. एका ताटलीत बर्फ घाला, दुसरीत गरम पाणी. पाचेक मिनिटांनी ताटल्या उलटून पाहा. बर्फाच्या ताटलीखाली भरपूर थेंब असतात, दुसरीखाली जवळजवळ नसतात. वाफ दोन्हीकडे होती, पण नुसत्या बाष्पीभवनाने पाऊस पडत नाही. सांद्रीभवनासाठी बाष्प थंड व्हावे लागते.

इथे मुलांना विचारा : आकाशात ताटली कुठे आहे? आपली प्रतिकृती इथे अपुरी पडते, आणि ते मुलांना स्पष्ट सांगायला हवे. हवा वर चढते तसा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती प्रसरण पावते आणि थंड होते. ढग बनण्यापूर्वी हा थंडावा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असतो. मग धूळ आणि समुद्री मिठाच्या सूक्ष्म कणांवर बाष्पाचे थेंब बनतात. ढग म्हणजे हे थेंब. बाष्प स्वतः डोळ्यांना दिसत नाही.

सह्याद्री ही हवेला वर ढकलणारी भिंतच आहे. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत २५ किलोमीटरवरच्या वाईला, घाट उतरून आलेल्या हवेतून, हजार मिलिमीटरही पडत नाही. चक्र तेच, वारे तेच, पण वाटी दुसऱ्या जागी आहे.

विहिरीकडे परत

आपल्या परातीत जमीन नाही, ही दुसरी उणीव. महाराष्ट्राच्या बहुतेक भूभागाखाली बेसॉल्टचा कठीण खडक आहे. त्यात पाणी मावते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे थोडेच. पावसाळ्यात भरलेला हा साठा उपशाने आणि झिरपून कमी होत जातो. हवेतले बाष्प सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, पण ते आपल्याच गावात पडेल असे नाही. विहीर मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबते.

त्या मुलीला द्यायचे उत्तर असे : पृथ्वीवरचे पाणी संपलेले नाही, तुझ्या विहिरीतले संपले आहे. पुढच्या तासाला तळाला भोके पाडलेल्या दोन बाटल्या घ्या. एकीत वाळू भरा, दुसरीत दगडाचे मोठे तुकडे. दोन्हींत सारखेच पाणी ओता. कुठल्या बाटलीत किती पाणी थांबले, कुठून किती लवकर निसटले, ते मोजा. मग गावातल्या एका विहिरीची पातळी वर्षभर दर महिन्याला मोजून वर्गात आलेख लावा. पुढच्या प्रदर्शनात कापसाच्या ढगांशेजारी हा आलेख जरूर ठेवा.