बिनपगारी, फुल चॅम्पियन!

समजा, तुमच्या हातात एक ऑफर आलीय. तीन वर्षांचा करार, आकडा असा की वाचताना चहाचा ठसका लागावा. फक्त एकच अट. सही केलीत, की तुमच्या क्षेत्रातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धांचे दरवाजे तुम्हाला बंद. देशाकडून खेळणंही बंद. म्हणजे काम तेच करायचं, पण त्याचे पैसे उघडपणे घेतले, हा तुमचा गुन्हा! करणार सही?

१९५९ साली रामनाथन कृष्णन यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. वय वर्षं बावीस. ऑफर देणारा जॅक क्रेमर, रक्कम दीड लाख डॉलर. तेव्हा डॉलर होता ४ रुपये ७६ पैशांना, म्हणजे सात लाख रुपयांच्या वर. १९५९ चे सात लाख, बरं का! कृष्णन नाही म्हणाले.

हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया अगदीच मध्यमवर्गीय होती : वेडा आहे का हा माणूस? मी मूळचा वाढवणचा. (हो, तेच ते बंदरवालं वाढवण. हल्ली गावाचं नाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्न तोच विचारतात.) आमच्या डहाणूच्या किनारपट्टीत टेनिसचा चेंडू पोराटोरांना माहीत असतो, पण तो क्रिकेटसाठी. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं तर गावात कुणी नाकं मुरडत नाही, उलट बॅनर लागतो. खेळाडूने पैसे घेतले म्हणून त्याला ‘बाटलेला’ ठरवायचं, हे गणित मला समजायलाच वेळ लागला.

गणित असं होतं. विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद, शिवाय डेव्हिस कप, हे सगळं फक्त ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी खेळाडूंसाठी. बक्षिसाची रक्कम शून्य. करंडक, टाळ्या आणि फार तर किरकोळ रकमेचं गिफ्ट व्हाउचर. खेळून पैसे घेतले की तुम्ही प्रोफेशनल. पैसे घेऊन खेळ शिकवलात, तरी प्रोफेशनल. आपल्याकडच्या जिमखान्यांमध्ये सभासदांना खेळवायला पगारी ‘मार्कर’ असायचे. खेळ कितीही चांगला असो, नियमाच्या लेखी तेही पैसे घेणारे. आपल्याकडे हौसेला मोल नाही म्हणतात. टेनिसवाल्यांनी ते शब्दशः घेतलं होतं!

ही सगळी व्यवस्था शोधली कुणी? ज्यांच्या घरात पैसा होता त्यांनीच. पोटाची चिंता नसलेल्या इंग्रज ‘जंटलमन’ला हौस परवडत होती. बाकीच्यांनी काय करायचं, याचं उत्तर नियमात नव्हतं. ते टेबलाखाली होतं. नावाजलेल्या खेळाडूला ‘प्रवासखर्च’ म्हणून जाडजूड पाकीट द्यायचं, खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीत नोकरी द्यायची, आणि वर सगळ्यांनी मिळून शुद्धतेचे गोडवे गायचे. या ढोंगाला इंग्रजीत ‘शॅमॅच्युअर’ असा खास शब्दही तयार झाला होता. खोटी ट्रॅव्हल बिलं ही काही आपल्या पिढीची आयडिया नाही!

ज्यांना हे ढोंग नको होतं, ते क्रेमरकडे जायचे. क्रेमर स्वतः १९४७ चा विम्बल्डन विजेता. त्याच वर्षी २६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉबी रिग्जविरुद्ध तो पहिला प्रो सामना खेळला. बाहेर हिमवादळ, शहर ठप्प, तरी १५,११४ माणसं आली. पुढे तोच या धंद्याचा सूत्रधार झाला. आज या गावात, उद्या त्या गावात. कॅनव्हासचं कोर्ट गुंडाळून बरोबर न्यायचं, मिळेल त्या हॉलमध्ये अंथरायचं, रात्री खेळायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. आपल्या तमाशाच्या फडासारखंच म्हणा ना.

या फडाचा खरा राजा पांचो गोन्झालेस. लॉस एंजलिसमधल्या मेक्सिकन कुटुंबातला, फारसं कुणी न शिकवता तयार झालेला. १९४८ आणि १९४९ ला अमेरिकन अजिंक्यपद जिंकून तो प्रो झाला, आणि ऐन उमेदीची पुढची अठरा वर्षं त्याला विम्बल्डनला पाऊल ठेवता आलं नाही. त्याची एक गोष्ट तर आपल्या प्रत्येक ऑफिसात घडते. १९५५-५६ च्या दौऱ्यात त्याच्यासमोर टोनी ट्रॅबर्ट होता, विम्बल्डन जिंकून नुकताच आलेला ‘न्यू जॉइनर’. गोन्झालेसने त्याला ७४-२७ असं धुतलं. मानधन? ट्रॅबर्टला ८० हजार डॉलर, गोन्झालेसला १५ हजार. तिकिटं विम्बल्डनच्या ताज्या नावावर खपत होती. जुना माणूस कुठे जाणार, हे क्रेमरला पक्कं ठाऊक होतं. अप्रेजलच्या आठवड्यात हे वाचू नका, त्रास होईल.

चर्चगेटचं कोर्ट

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे. डहाणूहून सुटलेली लोकल चर्चगेटला संपते, आणि तिथून पायी काही मिनिटांवर क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, आपला सीसीआय. १९५१-५२ ची ज्युनियर राष्ट्रीय टेनिस स्पर्धा तिथे झाली. अंतिम फेरीत एका बाजूला सांगलीत जन्मलेला अठरा वर्षांचा नंदू नाटेकर. दुसऱ्या बाजूला चौदा वर्षांचा कृष्णन, ज्याला त्याचे वडील टी. के. रामनाथन यांनी घडवलं होतं. हे वडील नागपूरकडून नाव कमावलेले जुने खेळाडू. जिंकला कृष्णन.

नाटेकर त्यानंतर बॅडमिंटनकडे वळले, आणि मग काय झालं ते तुम्ही जाणताच. १९५४ ला ऑल इंग्लंडची उपांत्यपूर्व फेरी. १९५६ ला क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. कृष्णन १९५४ ला ज्युनियर विम्बल्डन जिंकले. सीनियर गटात १९६० आणि १९६१ अशी सलग दोन वर्षं उपांत्य फेरी. १९६१ ला तर रॉय इमर्सनला हरवून. या दोन उपांत्य फेऱ्यांची बक्षीस रक्कम, आधीच सांगितलं, शून्य. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत दोघंही होते, एक बॅडमिंटनसाठी, एक टेनिससाठी.

मग कृष्णन यांचं ‘नाही’ चुकलं का? हिशेब मांडून बघा. १९५९ ला सही केली असती, तर दोन्ही उपांत्य फेऱ्या गेल्या असत्या. डिसेंबर १९६६ ची डेव्हिस कपची अंतिम फेरीही गेली असती. तिथपर्यंत भारत पोचला तोच कृष्णनमुळे. कोलकात्यात ब्राझीलच्या थॉमस कॉखविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असे मागे असताना त्यांनी निर्णायक सामना फिरवला. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ हरवलं खरं, पण तो एक गुण कृष्णन-जयदीप मुखर्जी जोडीने न्यूकम्ब-रोश जोडीला हरवून मिळवलेला. हे सात लाखांत बसवायचं कसं, मला सांगता येत नाही. पण एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला ‘देश की भाकरी’ असं निवडायला लावणारा नियम कुठल्याही अंगाने उदात्त नव्हता, एवढं मी छातीठोक सांगेन.

चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. १९६० मध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय संघटनेच्या बैठकीत, दोघांना एकत्र खेळू द्यावं असा ठराव आला. तो पडला अवघ्या पाच मतांनी! पाच मतं कमी पडली आणि आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत रॉड लेव्हरची पाच विम्बल्डन गेली. १९६२ ला चारही अजिंक्यपदं जिंकून तो प्रो झाला, तिथे सुरुवातीला रोझवॉल आणि होडचा मार खाल्ला, आणि मग त्यांच्या वर गेला. पण विम्बल्डनच्या फळ्यावर १९६३ ते ६७ त्याचं नाव नाही.

एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडात बोर्नमथला पहिली ‘ओपन’ स्पर्धा झाली, रोझवॉलने जिंकली. त्याच उन्हाळ्यात लेव्हर विम्बल्डन जिंकला, चेक मिळाला दोन हजार पौंडांचा. डॉलरमध्ये ४,८००. क्रेमर कृष्णन यांना वर्षाला पन्नास हजार डॉलर देत होता, हे आठवतंय ना? गोन्झालेस परतला, तेव्हा केस पिकू लागले होते. तरी १९६९ ला, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने पॅसारेलविरुद्ध विम्बल्डनला दोन दिवस चाललेला ११२ गेम्सचा सामना जिंकला.

कृष्णन १९६८ ला एकतीस वर्षांचे होते. पुढे चेन्नईत त्यांनी गॅस एजन्सी चालवली. त्यांचा मुलगा रमेश प्रोफेशनल झाला, १९८९ ला ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने तेव्हाच्या नंबर वन विलँडरला हरवलं. नाटेकरांचा मुलगा गौरव बॅडमिंटनकडे नाही, टेनिसकडेच गेला. सात वेळा राष्ट्रीय विजेता, आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिअँडर पेसबरोबर दुहेरीचं सुवर्ण. खेळाचे पैसे घेतले म्हणून या दोघांना कुणी दार बंद केलं नाही.