मुलाचा हट्ट आणि मुलाचे शब्द

मनुष्याचे मूल जन्मतः बोलू शकत नाही. परंतु मागणी मात्र ते पहिल्या दिवसापासून करते. भूक, ओले अंथरूण, थंडी, पोटदुखी, एकटेपणा या सर्वांसाठी त्याच्यापाशी एकच साधन असते व ते म्हणजे रडणे. पहिल्या वर्षाच्या सुमारास ते बोट दाखवू लागते, एकदोन शब्द उच्चारते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस दोन शब्द जोडते. या मधल्या काळात त्याला समजत पुष्कळ असते, हवे त्याहून अधिक असते, आणि सांगता मात्र फारच थोडे येते. जमिनीवर लोळण घेणे, वस्तू फेकणे, चावणे, मारणे हे प्रकार याच काळात बळावतात, यात नवल नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी लहान मुलांच्या रागाविषयीचा आपला अभ्यास १९३१ साली प्रसिद्ध केला. ४५ मुलांच्या पालकांनी घरी ठेवलेल्या टिपणांत रागाचे १,८७८ प्रसंग नोंदले गेले होते. दुसऱ्या वर्षात रागाचे प्रमाण सर्वांत अधिक असते व नंतर ते उतरत जाते, असे त्यांत आढळले. जेवणाची वेळ जवळ आली असता आणि आजारपणात राग लवकर येतो, असेही दिसून आले. म्हणजे ज्याला आपण स्वभावाचा दोष समजतो, त्याचे मूळ पुष्कळदा भुकेत, थकव्यात व अपुऱ्या भाषेत असते.

दोन भाषांच्या घरातील मूल

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक ही वसाहत आहे. तेथील खाऱ्या दलदलीत हुगळी नदीचा गाळ भरून जमीन तयार करण्याच्या कामास १६ एप्रिल १९६२ रोजी आरंभ झाला. मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांची ही योजना. त्यांच्याच नावावरून वसाहतीस पुढे बिधाननगर हे नाव मिळाले. आज तेथील सरकारी कचेऱ्यांत व पाचव्या सेक्टरमधील संगणक कंपन्यांत नोकरीनिमित्त निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येतात.

अशा वसाहतीत राहावयास आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलाचा विचार करावा. आईवडील मराठी बोलतात. दिवसभर त्याला सांभाळणारी बाई बंगाली बोलते; मुंबईत जिला मावशी म्हटले असते, तिला येथे मासी म्हणतात. मूल आईकडे ‘पाणी’ मागते आणि मासीकडे ‘जोल’. दुपारी ते मासीला ‘पाणी’ म्हणाले आणि तिला ते उमगले नाही, तर पेला भिरकावला जातो. संध्याकाळी घरी आलेली आई ऐकते ते इतकेच, की मुलाने आज पेला फेकला.

दोन भाषांमुळे मूल मागे पडते, ही समजूत बरोबर नाही. त्याचे शब्द दोन भाषांत वाटले गेलेले असतात. दोन्हींतील मिळून मोजले तर ते सामान्यतः एकभाषी मुलाइतकेच भरतात. अडचण भाषा दोन असल्याची नसते. मुलाचे दहा-पंधरा आवश्यक शब्द घरातील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक नसल्याची असते.

हट्ट का टिकतो

मूल एकदा किंचाळले आणि बिस्किट मिळाले, तर किंचाळणे व बिस्किट यांचा संबंध त्याच्या मनात जुळतो. यात लबाडी नसते. हे साधे शिकणे होय. चार वेळा नाही म्हणून पाचव्या वेळी वडिलांनी हार मानली, तर मूल शिकते ते एवढेच, की पाच वेळा रडावे लागते. अधूनमधून फळ देणारी सवय तर नेहमी फळ देणाऱ्या सवयीपेक्षाही चिवट असते.

एडवर्ड कार व मार्क ड्युरंड या दोन संशोधकांनी १९८५ साली याविषयी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. विकासात मागे पडलेली चार मुले त्यांनी अभ्यासली. काही प्रसंगी मूल काम अवघड वाटले म्हणून आक्रस्ताळेपणा करी, तर काही प्रसंगी मोठ्यांचे लक्ष नसे म्हणून. अवघड कामाच्या वेळी ‘मला समजत नाही’ आणि दुर्लक्ष झाले असता ‘मी चांगले काम करतो आहे ना?’ असे विचारण्यास त्यांना शिकविण्यात आले. गरजेस अनुरूप वाक्य हाती येताच उपद्रव बराच कमी झाला. वाक्य गरजेशी न जुळणारे असले, तर मात्र तसा लाभ झाला नाही. म्हणून मूल काय करते याहून ते कशासाठी करते, हे आधी ओळखावे लागते.

शब्द कसा द्यावा

प्रथम काही दिवस निरीक्षण करावे. हट्टापूर्वी काय घडले, मुलाने काय केले आणि नंतर त्याला काय मिळाले, या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. थोड्याच दिवसांत गरज ध्यानात येते: वस्तू हवी आहे, सोबत हवी आहे, काही टाळावयाचे आहे, की शरीरास त्रास होत आहे.

त्यानंतर त्या गरजेसाठी एकच सोपा शब्द किंवा खूण निवडावी. आपल्या आजीबाईंनी या कामाची तयारी पूर्वीच करून ठेवली आहे. मम, भूर, बाऊ, शू, शी हे शब्द केवळ लाडाचे नव्हेत. जेवण, बाहेर जाणे, दुखणे व देहधर्म या मुलाच्या मुख्य गरजाच त्यांत आल्या आहेत. म, ब, भ हे ओठांनी होणारे उच्चार मुलास लवकर जमतात. शिवाय मराठीत ‘नाही’हून निराळा असा ‘नको’ हा शब्द आहे. पुढे आलेला घास हाताने उडवून लावणाऱ्या मुलास ‘नको’ म्हणता आले, आणि मोठ्यांनी ते मानले, तर हात उगारण्याचे त्यास कारण उरत नाही. शब्द उच्चारता येत नसेल तर हात पुढे करणे, मान हलविणे किंवा चित्राकडे बोट दाखविणे चालते. खुणांमुळे बोलणे खुंटते, ही भीती निराधार आहे.

शब्द शिकवावयाचा तो मूल शांत असताना; आक्रोशाच्या भरात त्यास काहीच शिकता येत नाही. पाण्याचा पेला हाती धरून ‘पाणी’ म्हणावे, क्षणभर थांबावे, आणि मुलाने कसाबसा ‘पा’ म्हटला तरी तत्काळ पाणी द्यावे. आरंभी शब्दाचे फळ रडण्यापेक्षा लवकर मिळाले पाहिजे. घरातील सर्वांनी, सॉल्ट लेकच्या त्या घरातील मासीनेही, तेच शब्द मानावेत. ‘पाणी’ आणि ‘जोल’ ही दोन्ही नावे दोघींना ठाऊक असावीत.

मागितलेली प्रत्येक वस्तू मात्र देता येत नाही. तेव्हा ‘तुला चाकू हवा आहे, तो मिळणार नाही, हा चमचा घे’ असे शांतपणे सांगून आपल्या शब्दावर ठाम राहावे. मारण्याने मूल गप्प होईल. पण काय हवे ते कसे सांगावे, हे त्यास त्यातून कळत नाही.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाने हेच तत्त्व आचरून दाखविले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. मोठ्यांनी मुलाकडे जावे, हा तिचा पाया होय.

हट्ट नव्हे, बहिरेपण

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. बारा महिन्यांपर्यंत मूल बडबडत नसेल वा बोट दाखवीत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, अथवा आलेले शब्द नाहीसे होत असतील, तर वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. हाक मारली तरी ऐकत नाही म्हणून ज्या मुलास हट्टी ठरविले जाते, त्यास कधीकधी खरोखरच ऐकू येत नसते. अशा मुलाच्या वाट्यास मदतीऐवजी मार येतो, आणि भाषा शिकण्याची बहुमोल वर्षे निघून जातात.

अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवण यांविषयीची राष्ट्रीय संस्था मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झाली. तिचे विभागीय केंद्र कोलकात्यात बॉनहुगली येथे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि विकासातील विलंबाचाही तीत विचार केला जातो. लहान मुलांसाठी ही तपासणी अंगणवाडीत होते.

मूल रडले की आपण विचारतो, याला गप्प कसे करावे? त्याऐवजी, याला काय सांगावयाचे आहे, असा प्रश्न विचारला तर उपाय बहुधा समोरच असतो. ज्या मुलाच्या पहिल्या दहा शब्दांना घरात मान मिळतो, ते अकरावा शब्द शिकण्यास आपण होऊन पुढे येते.